कायच्यापेक्षा?

आमच्या घरमालकांसमोर कुणी "चहा चांगला झालाय" असं म्हटलं, की ते हातातला कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कायच्यापेक्षा?"

यात खवचटपणा नव्हता. त्यांना खरोखर उत्तर पाहिजे असायचं. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या पत्नीने गोंधळून "कालच्यापेक्षा" असं सांगितलं, तर ते म्हणाले, "काल म्या कुठं पेलो, बाई? मंग मी काय सांगू?" पुढच्या वेळेपासून ती त्यांच्यापुढे दोन कप ठेवू लागली, एक साखरेचा आणि एक गुळाचा. ते एक घोट याचा, एक घोट त्याचा असं करत दोन्ही संपवायचे आणि निकाल न देताच उठून जायचे.

पांढरकवड्याला मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. कापसाची ती वाईट वर्षं. घर दुमजली होतं, खाली ते, वर आम्ही. मागच्या भिंतीपलीकडे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगचं आवार आणि पुढे थोड्या अंतरावर हैदराबादचा रस्ता. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी दिवसभर किणकिणायची आणि हवेत कापसाचं तूस तरंगायचं. वाळत घातलेल्या कपड्यांना, विरजणाच्या दुधाला, तपासायच्या पेपरांना ते चिकटायचं. या सगळ्या घरघरीत हे गृहस्थ खाली सतत चालत असायचे. ओसरीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून ओसरीपर्यंत. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. बसले तरी एक पाय हलायचा, तो थांबला की दुसरा.

गाव त्यांना तोंडावर 'भाऊ' म्हणायचं आणि पाठीमागे 'पेक्षाभाऊ'. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "सर, नाव वाईट नाही ठेवलं लोकायनं." मी सवयीने "चांगलं आहे" म्हणालो आणि जीभ चावली. पण प्रश्न आलाच.

बाजारात त्यांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. घरात काय, दुकानात काय, प्रत्येक वस्तू दोन. दुकानाच्या दाराला दोन कंपन्यांची दोन कुलपं, कोणतं आधी गंजतं ते पाहायला. दोन मनगटांवर दोन घड्याळं. एका उन्हाळ्यात त्यांनी डाव्या पायात एका कंपनीची चप्पल घातली आणि उजव्या पायात दुसऱ्या. मी मास्तर माणूस, राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, माणसाचे दोन पाय सारखे झिजवत नाहीत. निम्म्या उन्हाळ्यात पाय बदलून पाहायला हवं." त्यांना ते इतकं पटलं, की भर बाजारात तिथल्या तिथे चपला बदलू लागले. आता उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात जाईना. पानठेल्यावरची माणसं हसू लागली. एक जण म्हणाला, "भाऊ, पायच बदलून घ्या न." मग त्यांच्या लक्षात आलं की जोड्या दोन आहेत आणि उरलेल्या दोन चपला घरी पडल्या आहेत. त्या आणायला ते अनवाणी, डांबरावरून उड्या मारत घरी गेले.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या एकदा कणीक मळता मळता मला म्हणाल्या, "इतली वर्षं झाली, सर, पण मी यायले पसंत पडली का नाही, हे काही अजून समजलं नाही. जांगडावर आणून ठेवली आहे मले."

जांगड हा व्यापाऱ्यांचा शब्द. माल विकत न घेता नुसता पाहायला घरी न्यायचा. पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर जसाच्या तसा परत करायचा. साड्यांची, दागिन्यांची ही रीत. भाऊ दारातच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "वापस तं नाही केलं नं?"

वहिनींनी कणकेचा गोळा परातीत आपटला, पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही.

दुकानात मात्र ही सवय विनोदाची राहत नसे. मृगाच्या आधी शेतकरी यायचे आणि विचारायचे, "भाऊ, यंदा कोणतं बियाणं चांगलं आहे?" भाऊ म्हणायचे, "कायच्यापेक्षा?" शेतकऱ्याला पेरायची घाई. तो शेजारच्या दुकानात जायचा. तिथला दुकानदार पुड्यावर थाप मारून म्हणायचा, "हे न्या, डोळे झाकून." शेतकरी ते न्यायचा. भाऊंच्या दुकानातल्या फळ्यांवर पुडे असायचे, पण सगळे उलटे लावलेले. चित्र भिंतीकडे आणि बारीक छपाईची मागची बाजू पुढे. का, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

केळापूरच्या बाजूला त्यांचं थोडं वावर होतं. तिथे ते दोन जातींचं बियाणं शेजारी शेजारी ओळीने पेरायचे. एकच माती, एकच खत, एकच दिवस. त्यांची पद्धत चोख होती, हे मी गणिताचा माणूस म्हणून सांगतो. अडचण एवढीच, की निकाल दिवाळीत लागायचा आणि पुढच्या मृगाला कंपन्यांचे एजंट भलतीच नावं घेऊन यायचे. मागच्या दोन जाती बाजारातून गेलेल्या असायच्या. भाऊंपाशी दरवर्षी पक्कं उत्तर असायचं, पण ते मागच्या वर्षीच्या प्रश्नाचं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रणिता नागपूरला आर्किटेक्चर शिकत होती. शेवटचं वर्ष होतं. शेवटचा प्रकल्प करायला म्हणून ती होळीच्या आधी घरी आली आणि खालच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर मांडला गेला. प्रकल्पाला तिने विषय घेतला होता कापूस बाजाराचं आवार. गाड्या रांगेत उन्हात उभ्या राहतात त्या जागी सावली, बैलांना पाणी, आत यायचं फाटक वेगळं आणि बाहेर जायचं वेगळं. परीक्षकांपुढे तिला पडद्यावर ते आवार उभं करून, जणू आतून चालत दाखवायचं होतं. पण आवारात तिने छपरं टाकली, झाडं लावली, गाड्या उभ्या केल्या आणि कॉम्प्युटरने अंग टाकलं. चित्र जरा फिरवलं की पडदा गोठायचा. ती माउस सोडून वाट पाहत बसायची.

"बाबा, ग्राफिक्स कार्ड लागते याले," ती म्हणाली. "असं चालत राह्यलं तं माहं सबमिशन होत नाही. वर्ष जाईन." तिने दोन कार्डांची नावं सांगितली आणि चुकून पुढे म्हणाली, "दोन्ही चांगले आहे."

ओसरीवर मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी डोळे मिटून घेतले.

"कायच्यापेक्षा?" भाऊ म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते नागपूरला गेले आणि येताना दोन्ही कार्डं घेऊन आले, जांगडावर. कॉम्प्युटरच्या दुकानात जांगड मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं. तो दुकानदार म्हणाला म्हणे, "भाऊ, हे लुगडं आहे का? एकदा घडी मोडली का गेलं." भाऊंनी त्याला आपल्या व्यापाराची रीत समजावली, पूर्ण किंमत अनामत ठेवली, आणि विश्वासाची खूण म्हणून वरून एक घड्याळ काढून दिलं. "कोणतं दिलं?" मी विचारलं. "जे मागं चालते ते," ते म्हणाले.

एक डबा लाल, एक हिरवा. हिरव्यावर तलवार घेतलेली, थोडक्या कपड्यांतली एक बाई होती आणि लाल डब्यावर लोखंडी अंगाचा राक्षस. भाऊंनी दोन्ही डबे उलटे करून टेबलावर ठेवले. "सरकीच्या पुड्यावर हातायेवढं बोंड राह्यते," ते म्हणाले, "इथं बाई. आत पाह्य तं पत्रा." मग चष्मा लावून ते मागची छपाई वाचू लागले. हिरव्या कार्डाची मेमरी पाचशे बारा, लाल कार्डाची दोनशे छप्पन. हिरव्याला मोठा पंखा. लालला पंखाच नव्हता, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या.

"हे डबल आहे," हिरव्यावर बोट ठेवून ते म्हणाले.

"बाबा, ते गोदाम डबल आहे," प्रणिता म्हणाली. "याच्या खाली पाहा. हिरव्याचं चौसष्ट बिट, लालचं एकशे अठ्ठावीस. ते गोदामाचं फाटक आहे. हिरव्याचं गोदाम मोठं, पण फाटक अर्धं. माल भरला आहे अन् गाड्या बाहेर रांगेत."

कापूसवाल्याला याहून सोपं कुणी सांगू शकलं नसतं. भाऊ खूश झाले. त्यांनी दोन्ही डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग पेरून पाहू."

इथून पुढचं मी पाहिलेलं सांगतो, कारण मोजायला त्यांनी मला बसवलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा, एका सेकंदात चित्र किती वेळा नव्याने रंगतं त्याचा. आकडा मोठा तेवढं चित्र सरळ चालणार, लहान झाला की अडखळणार. सकाळी गारव्यात लाल कार्ड बसवलं. तिचं आवार सरसर फिरलं, गाड्या एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. मग हिरवं बसवलं. ते चाललं, पण दमाने. आकडा लालच्या निम्म्याच्या जरा वर. प्रणिता म्हणाली, "झालं तं मंग. लाल ठेवते."

"थांब," भाऊ म्हणाले. "ऊन चढू दे."

दुपारी खोली तापली. पंखा नसलेलं लाल कार्ड तापून लटकू लागलं, आकडा घसरला, पडद्यावर रंगीत ठिपके आले. हिरवं मात्र पंखा गरगरवत सकाळच्याच चालीने चालत राहिलं. भाऊ खोलीत येरझारा घालू लागले. "नागपूरच्या दुकानात एसी आहे. हे सारे आकडे एसीतले. पांढरकवड्याचे आकडे वेगळे निघतीन."

म्हणून कूलर काढला गेला. त्या घरात माणसांसाठी कूलर एप्रिलमध्ये निघायचा. त्या वर्षी कार्डांसाठी तो होळीच्या आधी निघाला, आणि बाजूला होऊन वाट देत वहिनी म्हणाल्या, "मले घामोळं येते तवा नाही निंघत हा." कूलरच्या हवेत लाल पुन्हा पुढे. मग वीज गेली, कूलर बंद, कॉम्प्युटर बॅटरीवर. मग वीज आली ती अशी, की बल्बची तार नुसती लाल दिसावी. प्रत्येक वेळी भाऊ म्हणायचे, "आता दुसरं लावून पाह्य." आणि प्रत्येक वेळी प्रणिताला कॉम्प्युटर बंद करायचा, एक कार्ड काढायचं, दुसरं घालायचं, त्याचं सॉफ्टवेअर उतरवायचं, दुसरं चढवायचं. मोजणी माझी, मजा भाऊंची, आणि दिवस तिचा जायचा.

मी एकदा सांगून पाहिलं, "भाऊ, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तुम्ही ऊन, हवा, वीज, सगळंच बदलता आहात."

"मी कुठं बदलून राह्यलो?" ते म्हणाले. "तेच बदलते नं."

मी पुढचा आकडा लिहून घेतला.

मुलगी दिवसेंदिवस गप्प होत गेली. सकाळी उठल्याबरोबर ती कार्डाकडे नाही, बापाच्या तोंडाकडे पाहायची. आवाराचं मुख्य छप्पर अजून अर्धं होतं. नागपूरहून मैत्रिणींचे फोन यायचे, कुणाचं किती झालं, आणि ती "होऊन राह्यलं" म्हणून फोन ठेवायची. एकदा जिन्यात मला म्हणाली, "सर, तुम्ही तरी सांगा न त्यायले. दोन्ही वाईट निंघाले तरी चालन मले. पण एक ठेवा."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि खिडकी उघडली. पुरेशी हवा मिळत नाही म्हणून दोन्ही कार्डांवर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून त्यांनी अख्खं कॅबिनेट मागच्या खिडकीशी, उघड्यावर ठेवलं. खिडकीपलीकडे जिनिंगचं आवार होतं. त्या वेळी हिरवं कार्ड बसवलेलं होतं आणि प्रणिता सकाळपासून त्यावर छप्पर पुरं करत होती. जेवायलाही उठली नव्हती.

दुपार कलली तेव्हा एक बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. जिनिंगच्या आवाजात आम्हाला तो कळला नाही. मग पडदा गोठला, त्यावर आडव्या रेघा आल्या आणि कॉम्प्युटर बंद पडला. भाऊंनी वाकून पाहिलं. हिरव्या कार्डाच्या पंख्याभोवती कापसाचं तूस गुंडाळलं गेलं होतं. पिळून पिळून त्याची वात झाली होती. देवघरातल्या समईत घालावी अशी घट्ट वात.

"जतन केलं होतं का?" मी विचारलं.

प्रणिताने मान हलवली. नव्हतं. सकाळपासूनचं छप्पर गेलं होतं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. उठून ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. वहिनी आतून आल्या, त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. "ते दोन डबे वापस करून या," त्या म्हणाल्या. "अन् जाता जाता मले बी माह्या माहेरी वापस करून द्या. होऊन जाऊ द्या एकदाचं."

या वेळी त्यांच्या बोलण्यात हसू नव्हतं.

भाऊ फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, आले. माझ्यापुढे उभे राहिले. "सर, तुमचे आकडे काय म्हणते?"

"लाल पुढे आहे. पण दुपारी ते मागे पडतं," मी सांगितलं. "आणि भाऊ, खरं सांगायचं तर तुमच्या मुलीच्या कामाला हा फरक लागतच नाही. दोन्हींवर तिचं काम होतं. कोणतंही एक लावा आणि झाकण बंद करा."

"कोणतंही एक," ते म्हणाले. हे शब्द त्यांनी तोंडात धरून ठेवले. "कोणतंही एक म्हणूनच तं विकलं होतं त्या साली, सर."

आणि तिथेच, ओसरीच्या खांबाला टेकून, त्यांनी मला ते सांगितलं. कोण्या एका वर्षी एक नवं बियाणं आलं होतं. पुड्यावर मोठ्ठं, फुटलेलं बोंड. भाऊ त्या काळी इतर दुकानदारांसारखेच होते. पुड्यावर थाप मारून, डोळे झाकून न्या म्हणून त्यांनी ते विकलं. ते साधलं नाही. बोंडं आली ती सुपारीएवढी. लोक चिडले, भांडले, भाऊंनी ते सोसलं. पण घाटंजीकडचा एक म्हातारा आला तो भांडला नाही. त्याने रिकामा पुडा घडी घालून जपून ठेवला होता. तो त्याने गल्ल्यावर उलगडला, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, पैसे नोको मले. हे बोंड कुठं आहे, येवढं दाखवून दे. पाहून जातो."

"कुठून दाखवू मी?" भाऊ मला म्हणाले. "तो उभाच राह्यला, सर. लय वेळ उभा राह्यला. मंग पुडा तिथंच ठेवला अन् गेला." त्यांचा उजवा पाय हलत होता. "आता मले सांगा, या पोट्टीले मी कोणतंही एक कसं देऊ? उद्या तिथं परीक्षकासमोर बंद पडलं, अन् तिनं मले म्हटलं, बाबा, कुठं आहे?"

उलटे लावलेले पुडे माझ्या डोळ्यांपुढे आले.

पायरीवरून प्रणिताने हे सगळं ऐकलं होतं. ती उठून जवळ आली. मला वाटलं, ती बापाची समजूत घालणार किंवा आता फुटणार. तिने दोन्ही केलं नाही. तिने दुकानातल्या गिऱ्हाइकासारखं विचारलं, "बाबा, वाफसा किती दिवस राह्यते?"

पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरायला नेमकी असते, तो वाफसा. तो धरता येत नाही आणि थांबवता येत नाही. कापूसवाल्याच्या घरात हा शब्द कुणी उगाच काढत नाही.

"काहून?" भाऊ म्हणाले.

"सांगा न."

"दोन दिवस. ऊन असलं तं एकच."

"मंग माहा वाफसा चालला आहे बाबा," ती म्हणाली. "निंघून गेला तं दोन्ही पुडे सारखेच. तुम्ही बसजा मंग तुलना करत."

भाऊंचा पाय थांबला. मी त्यांच्याकडे पाहत होतो म्हणून नक्की सांगू शकतो. ते खोलीत गेले, हिरवं कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं आणि दोन्ही कार्डं टेबलावर ठेवून मुलीला म्हणाले, "कोणतं?"

"लाल."

त्यांचे ओठ हलले. मी आणि वहिनी दोघंही तो शब्द येण्याची वाट पाहत होतो. प्रणिताच पुढे म्हणाली, "याले पंखा नाही. म्हणून बंद पडाले याच्यात काही नाही."

भाऊंनी लाल कार्ड बसवलं, स्क्रू आवळला, झाकण लावलं. खिडकी बंद केली. बियाणं उगवून पाहायला ते पांढरा पातळ फडका वापरत, त्याचा एक तुकडा फाडून त्यांनी कॅबिनेटच्या जाळीवर बांधला आणि बाहेरून टेबलफॅन लावून दिला. नंतर जितके दिवस ती काम करत होती तितके दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत. दाराबाहेरून विचारायचे, "चालू आहे?" आतून "हो" आलं, की फाटकाकडे निघायचे.

हिरव्या कार्डाच्या पंख्यातून त्यांनी चिमट्याने एक एक धागा काढला. वहिनी म्हणाल्या, "दुकानदाराले काय माहीत पडते?" ते म्हणाले, "त्याले सांगणारच आहो मी."

नागपूरला मी गेलो नव्हतो. तिथलं प्रणिताकडून ऐकलेलं सांगतो. ओळखीच्या जीपमधून ते गेले. कॉम्प्युटर दुलईत गुंडाळून भाऊंनी मांडीवर घेतला होता. पांढरकवड्याहून नागपूरपर्यंत, रस्त्याच्या त्या सगळ्या खड्ड्यांतून, ते एका जागी बसले. "सर, पाय बी नाही हलवला बाबानं," ती म्हणाली. "मले तं भेवच वाटलं. दोनदा हात लावून पाह्यला."

परीक्षकांपुढे आवार उभं राहिलं. गाड्या सावलीतून आत आल्या, वजनकाट्यावर गेल्या आणि दुसऱ्या फाटकाने बाहेर पडल्या. एकदा मध्येच चित्र अडखळलं. दारात दुलई खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या भाऊंनी, ती म्हणते, भिंत धरली. मग ते पुन्हा चाललं. शेवटी त्यांच्यातले वयस्कर परीक्षक म्हणाले, "चांगलं केलंय."

"मी बाबाकडंच पाहून राह्यलती," प्रणिता सांगत होती. "म्हटलं, आता विचारते. आता मेली मी."

"मग?"

"दुलई या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली. अन् उभे राह्यले."

ती पास झाली. हिरवा डबा परत गेला. तुसाची हकीकत ऐकून दुकानदाराने पंखा फिरवून पाहिला आणि डबा ठेवून घेतला. घड्याळ परत मिळालं, आणखी मागे पडलेलं. भाऊ काही बदलले नाहीत. पुढच्या मृगात वावरात पुन्हा दोन जाती होत्या आणि दाराला दोन कुलपं.

ते नागपूरहून आले त्या संध्याकाळी मी ओसरीवर होतो. आनंदाच्या भरात मी बोलून गेलो, "म्हणजे भाऊ, शेवटी लाल कार्डच चांगलं निघालं."

त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. फाटकाकडे चालता चालता म्हणाले, "ते कसं सांगता येईन, सर? त्याच दिवशी, तिथंच, हिरवं लावून बी दाखवलं असतं, तवा समजते. त्याच्यासाठी दोन पोरी लागतीन." फाटकाला हात लावून ते वळले. "माह्यापाशी एकच आहे."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसले. आमच्याकडची दोन कपांची रीत एव्हाना त्यांनीही उचलली होती.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या. "साखरेचा करू आधी का गुळाचा?"

भाऊ चालत ओसरीपर्यंत आले आणि खुर्चीवर बसले.

"कोणताही एक कर," ते म्हणाले.